मज्जारज्जूचा आघात : उपचार व पुनर्वसनाचा इतिहास (पेण-रोहे परिसराच्या संदर्भात)

प्रस्तावना

मेंदू व शरीर यांतील संदेशवहन मज्जारज्जूतून होते. त्यास मानेत इजा झाल्यास हातपाय, पाठीत झाल्यास पाय लुळे पडतात. मलमूत्रावरील नियंत्रणही जाते. इजा अपूर्ण असल्यास लक्षणे निराळी दिसतात. रज्जूचा अर्धा भाग छेदला गेल्यास त्याच बाजूची हालचाल व विरुद्ध बाजूची वेदना-तापमानाची जाणीव नष्ट होते, हे ब्राऊन-सेकार यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास दाखविले.

निदान पुढे गेले, तरी रुग्ण वाचत नव्हते. प्राचीन इजिप्तमधील एडविन स्मिथ पपायरसने ही इजा उपचारांपलीकडची ठरविली होती. पहिल्या महायुद्धातही शय्याव्रण व मूत्रमार्गाचा संसर्ग यांमुळे बहुसंख्य जखमी दगावले. १९४४ मध्ये लुडविग गुटमन यांनी इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल येथे कूस वारंवार बदलणे, मूत्राशयाची निगा, व्यायाम व खेळ यांची सांगड घातली. तुटलेला रज्जू सांधला गेला नाही. आयुष्य मात्र लांबले.

महाराष्ट्रातील वाटचाल

मुंबईत हाजी अली येथे १९५५ मध्ये अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था स्थापन झाली. १९६५ च्या युद्धात पाठीच्या कण्यात गोळी लागलेले सांगली जिल्ह्याचे मुरलीकांत पेटकर यांनी १९७२ च्या हायडेलबर्ग पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर जलतरणात सुवर्णपदक मिळविले. १९७४ मध्ये खडकी येथे जायबंदी सैनिकांसाठी पुनर्वसन केंद्र उभे राहिले. नागरी क्षेत्रात, किशोरवयात कमरेखालील शरीर लुळे पडलेल्या नसीमा हुरजूक यांनी १९८४ मध्ये कोल्हापुरात 'हेल्पर्स ऑफ द हॅन्डिकॅप्ड' ही संस्था स्थापन केली.

पेण-रोहे परिसर

या परिसरातून मुंबई-गोवा महामार्ग जातो; रोह्याजवळ धाटाव औद्योगिक वसाहत आहे; नारळी-पोफळीवर चढणे हा कोकणातील नित्याचा व्यवसाय. वाहन-अपघात व उंचावरून पडणे ही या इजेची प्रमुख कारणे होत. अपघातग्रस्तास हातापायांना धरून रिक्षात बसविल्यास अपूर्ण इजा पूर्ण होण्याचा धोका असतो. मान व पाठ न वाकविता, फळीवर सरळ निजवून नेणे आवश्यक ठरते. २०१४ पासून राज्यात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा सुरू आहे. ती येईपर्यंतची मिनिटे मात्र गावकऱ्यांच्याच हाती असतात.

निष्कर्ष

या इजेचा इतिहास शस्त्रक्रियेपेक्षा शुश्रूषेचा अधिक आहे. ती शुश्रूषा सैनिकास संस्थेने दिली. खेड्यातील मजुरास ती बहुधा घरातील स्त्रियांकडूनच मिळते. त्यांना कूस बदलण्याचे व मूत्रनलिकेच्या स्वच्छतेचे प्रशिक्षण तालुका पातळीवर देणे, आणि अपघातग्रस्तास उचलण्याची रीत महाविद्यालयांच्या राष्ट्रीय सेवा योजनेतून शिकविणे, हे या इतिहासाचे आजचे फलित ठरावे.