समकालन, प्रचालन तंत्राच्या गाभ्यातील

संगणकात एकाच काळात चालू असणारी दोन वा अधिक कार्ये स्मृतीतील एकच नोंद वाचत किंवा बदलत असतील, तर त्यांच्या क्रियांचा क्रम नियंत्रित करण्याच्या पद्धतीस समकालन म्हणतात. प्रचालन तंत्राचा जो भाग यंत्रसामग्रीवर प्रत्यक्ष ताबा ठेवतो आणि निरनिराळ्या कार्यांना प्रोसेसर वाटून देतो, त्यास गाभा किंवा कर्नेल असे नाव आहे [⟶ संगणक]. गाभ्याचा कार्यक्रम लिहिणाऱ्यांसाठी समकालनाची काही साहाय्यक फंक्शने तयार ठेवलेली असतात. ती बहुधा थोड्याच ओळींची असतात. परंतु शेकडो ठिकाणांहून वापरली जात असल्याने त्यांच्या आखणीतील उणीव सर्व गाभ्यात पसरते. पिंपरी-चिंचवड व चाकण या औद्योगिक पट्ट्यात तयार होणाऱ्या मोटारी व मोटारसायकली यांतील नियंत्रक संगणकांमध्येही असे छोटे गाभे असतात, व तेथे या उणिवेचा संबंध थेट इंजिन व ब्रेक यांच्याशी येतो.

प्रश्नाचे स्वरूप एका उदाहरणाने स्पष्ट होईल. ब्रेक लावताना चाक जखडू नये म्हणून बसविलेल्या, एबीएस या नावाने परिचित असलेल्या यंत्रणेत चाकालगत एक दातेरी कडे असते. प्रत्येक दात संवेदकासमोरून गेला की एक विद्युत् स्पंद निर्माण होतो. त्यासरशी प्रोसेसर हातातील काम थांबवून मोजणीत एकाची भर घालतो व पुन्हा मूळ कामाकडे वळतो. यास व्यत्यय म्हणतात. समजा, प्रोसेसर ८ बिटांचा आणि मोजणी १६ बिटांची आहे. म्हणजे ती दोन टप्प्यांत वाचावी लागते. मोजणी २५५ असताना वेग काढणाऱ्या कार्याने खालचा भाग (२५५) वाचला आणि त्याच क्षणी व्यत्यय येऊन मोजणी २५६ झाली. आता वरचा भाग १ झालेला असतो. तो वाचून दोन्ही भाग जोडले असता उत्तर येते ५११. ही संख्या मोजणीत कधीच नव्हती. व्यत्यय नेमका त्या दोन आज्ञांच्या मध्येच यावा लागतो, म्हणून हा दोष हजारो चाचण्यांतही न आढळण्याचा संभव असतो.

या प्रश्नाची पद्धतशीर मांडणी डच गणितज्ञ एड्सखर डाइक्स्ट्रा यांनी १९६५ मध्ये केली. सामाईक नोंद हाताळणाऱ्या आज्ञांच्या गटात एका वेळी एकच कार्य असावे, या अटीस परस्पर-वर्जन म्हणतात. ती पाळण्यासाठी त्यांनी सेमाफोर ही कल्पना सुचविली. नाव रेल्वेच्या हात-सिग्नलावरून घेतलेले आहे, आणि तुलना रेल्वेशीच करणे सोपे जाते : एकेरी मार्गावर टोकनाचा गोळा ज्या चालकाच्या हाती असेल, त्याचीच गाडी पुढील स्थानकाकडे निघते. सेमाफोरवर दोनच क्रिया करता येतात व त्यांस डच शब्दांवरून पी आणि व्ही अशी आद्याक्षरे दिली गेली. आइंटहोव्हन येथे तयार झालेल्या ‘टीएचई’ या प्रचालन तंत्रात त्यांचा वापर करण्यात आला व त्याचे वर्णन १९६८ मध्ये प्रसिद्ध झाले. आद्याक्षरांवरून फंक्शन काय करते याचा बोध होत नाही, ही मात्र या नामकरणातील त्रुटीच म्हटली पाहिजे.

बेल प्रयोगशाळेत १९६९ पासून विकसित झालेल्या युनिक्स तंत्रात वेगळा मार्ग होता. गाभ्यातील कार्याकडून प्रोसेसर मध्येच काढून घेतला जात नसे. त्यामुळे केवळ व्यत्ययांपासून संरक्षण पुरे होई. यासाठी व्यत्यय बंद करणारे एक व सुरू करणारे दुसरे, अशी फंक्शनांची जोडी प्रथम सुचते. परंतु तीत एक सापळा आहे. व्यत्यय बंद असताना एका फंक्शनाने दुसऱ्यास बोलाविले आणि दुसऱ्यानेही हीच जोडी वापरली, तर ते संपताना व्यत्यय सुरू करून टाकते व पहिल्याचे संरक्षण त्याच्या नकळत नाहीसे होते. म्हणून युनिक्समधील एसपीएल गटातील फंक्शने व्यत्ययांची आधीची पातळी परत देत आणि शेवटी ‘सुरू कर’ असे न सांगता ‘पूर्ववत कर’ असे सांगितले जाई. सुधारणा एका शब्दाची दिसते. पुढील बहुतेक सर्व गाभ्यांनी ती स्वीकारली.

पुणे येथील प्रगत संगणन विकास केंद्राने (सी-डॅक, स्थापना १९८८) १९९१ मध्ये सिद्ध केलेल्या परम ८००० या संगणकात प्रश्नच निराळ्या रीतीने टाळलेला होता. त्यातील प्रत्येक ट्रान्सप्यूटरास स्वतःची स्मृती होती व ते परस्परांस संदेश पाठवीत. सामाईक नोंदीस जागाच नव्हती.

वाहनांत हा मार्ग सहसा परवडत नाही. टेल्कोचा पिंपरी येथील कारखाना १९६६ मध्ये स्थापन झाला. त्या काळातील मालमोटारींत इंधन सोडण्याचे काम यांत्रिक पंप करीत, तर स्कूटरमध्ये कार्ब्युरेटर असे. उत्सर्जनाचे नियम कडक होत गेले, तसे हे काम संगणकाकडे आले. १२५ घ. सेंमी.पेक्षा मोठ्या इंजिनाच्या सर्व नव्या दुचाकींना एबीएस १ एप्रिल २०१९ पासून आवश्यक ठरले, आणि १ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज-६ मानके लागू झाल्यावर बहुतेक दुचाकींतही इलेक्ट्रॉनिक इंधन-अंतःक्षेपण आले.

येथे व्यत्यय बंद ठेवण्याची किंमत मोजता येते. मिनिटास ६,००० फेरे घेणाऱ्या इंजिनाचा एक फेरा १० मिलिसेकंदांत पुरा होतो, म्हणजे भुजादंड एक अंश फिरण्यास सुमारे २८ मायक्रोसेकंद लागतात. साहाय्यक फंक्शनाने १०० मायक्रोसेकंद व्यत्यय रोखले, तर ठिणगीची वेळ साडेतीन अंशांनी चुकू शकते. सेमाफोर वापरावा, तर दुसरीच अडचण उभी राहते. कमी अग्रक्रमाच्या कार्याने सेमाफोर धरला आहे, उच्च अग्रक्रमाचे कार्य त्याची वाट पाहत आहे आणि मध्यम अग्रक्रमाचे, सेमाफोरशी संबंध नसलेले कार्य पहिल्यास बाजूला सारून चालतच राहते, असे घडल्यास सर्वांत निकडीचे काम सर्वांत मागे पडते. यास अग्रक्रम-विपर्यास म्हणतात. १९९७ मध्ये मंगळावर उतरलेल्या पाथफाइंडर यानातील संगणक याच कारणाने पुनःपुन्हा नव्याने सुरू होत होता. वाट पाहणाऱ्याचा अग्रक्रम धारकास तात्पुरता देण्याची सोय त्या गाभ्यात होती, पण संबंधित कुलुपाकरिता ती निवडलेली नव्हती. पृथ्वीवरून बदल पाठवून ती चालू करण्यात आली. सुरक्षित पर्याय मागावा लागू नये, तो न मागता मिळावा, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

जर्मन मोटार उद्योगाने १९९३ मध्ये आरंभिलेल्या ओसेक या मानकात यावर उपाय योजला आहे. प्रत्येक सामाईक नोंदीस, ती वापरणाऱ्या कार्यांपैकी सर्वोच्च कार्याचा अग्रक्रम ‘छत’ म्हणून आधीच ठरवून दिला जातो. ‘गेटरिसोर्स’ हे फंक्शन बोलाविताच धारकाचा अग्रक्रम त्या छतापर्यंत चढतो व ‘रिलीजरिसोर्स’ने उतरतो. त्यामुळे ती नोंद लागणारे दुसरे कार्य मध्ये सुरूच होत नाही. विपर्यासास मर्यादा पडते आणि एकमेकांच्या कुलुपांसाठी अडून बसण्याचा प्रसंगही येत नाही. वाहनातील कार्यांची संख्या कारखान्यातच ठरलेली असल्याने हे शक्य होते. २००३ मध्ये सुरू झालेल्या ऑटोसार या सहयोगाने हीच पद्धत पुढे चालविली. या पट्ट्यालगत हिंजवडी येथे असलेल्या केपीआयटी या कंपनीनेही ऑटोसारवर आधारित प्रणालींचे काम केले आहे. एकाच चकतीवर अनेक प्रोसेसर आल्यावर मात्र छत पुरेसे ठरत नाही. दुसऱ्या प्रोसेसरवरील कार्यास त्याची बाधा होत नसल्याने तेथे कुलूप उघडेपर्यंत फिरत राहणारे, स्पिनलॉक या नावाचे साधन जोडावे लागले.

सर्वसाधारण संगणकांच्या क्षेत्रात लिनक्स गाभ्याचा इतिहास बोधप्रद आहे. १९९६ मध्ये अनेक प्रोसेसरांची सोय झाली, तेव्हा सर्व गाभ्यास मिळून एकच मोठे कुलूप होते. ते बारीक कुलुपांत विभागण्याचे काम २०११ पर्यंत चालले. कुलुपे घेण्याचा क्रम चुकीचा असल्यास प्रत्यक्ष कोंडी होण्यापूर्वीच तो दाखवून देणारी तपासणी २००६ मध्ये आली. एक दोष तरीही उरला होता : फंक्शनातून मधूनच बाहेर पडताना कुलूप सोडण्यास विसरणे. २०२३ मध्ये स्वीकारलेल्या ‘गार्ड’ या साहाय्यक रचनेत कुलूप ज्या आज्ञागटात घेतले, तो गट संपताच संकलक ते आपोआप सोडवितो. निश्चित कालमर्यादेत प्रतिसाद देण्यासाठी लागणारे बदल मूळ लिनक्स गाभ्यात २०२४ मध्ये समाविष्ट झाले.