शब्दांमधली मोकळी जागा

हिंगोली जिल्ह्यांतील जवळा बाजार हें गांव औंढा नागनाथ तालुक्यांत आहे. औंढ्याच्या नागनाथाच्या देवळांत नामदेवांस विसोबा खेचरांचा उपदेश झाला अशी परंपरा आहे; नामदेवांची नरसीही याच जिल्ह्यांत. या मुलखांत गाइलीं गेलेलीं पदें पुढें पोथ्यांत उतरलीं, तेव्हां दोन शब्दांमध्यें जागा सोडण्याची चाल नव्हती. बोरूनें अक्षरामागून अक्षर लिहीत जावें, आणि शब्द कोठें तुटतो हें वाचणारानें कानानें ओळखावें! मोडींत तर आधीं ओळभर शिरोरेषा आंखून मग तिच्याखालीं अक्षरें लिहीत. सगळी ओळ एका दोऱ्यांत ओंवल्यासारखी दिसे.

नामदेवांचीं ६१ पदें शिखांच्या गुरु ग्रंथसाहिबांत आहेत. तेथेंही सलग लिहिण्याची रीत होती. तिला लडीवार म्हणतात. विसाव्या शतकांत पदच्छेद केलेल्या प्रती छापल्या जाऊं लागल्या, तेव्हां त्यावर वाद झाला, आणि तो अकारण नव्हता. शब्द तोडणें म्हणजे अर्थ ठरविणें होय. 'घरावर' हें एक पद. तेंच 'घरा वर' असें तोडलें, तर गोष्ट छपराची न राहतां नवरदेवाची होते.

छापखान्यानें ही सवय मोडली. विल्यम कॅरी यांचें मराठी व्याकरण १८०५ सालीं श्रीरामपुरास छापलें गेलें; १८५० मध्यें मेजर कँडी यांनीं विरामचिन्हांवर पुस्तक काढलें. शब्दाशब्दांत कोरा खिळा बसूं लागला, आणि ओळ कडेपर्यंत भरावी म्हणून जुळारी असे खिळे जास्तही घालीत.

हा पसारा पुढें संगणकाच्या वांट्यास आला. जुनें पुस्तक यंत्राकडून वाचवून घेतलें, म्हणजे जुळाऱ्याच्या त्या कोऱ्या जागाही मजकुरांत उतरतात. १९७३-७४ च्या सुमारास अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत ली मॅकमॅहन यांनीं 'सेड' नांवाचें साधन रचलें. एका ओळीची आज्ञा टंकली, कीं हजारों ओळींच्या शेवटीं राहिलेल्या रिकाम्या जागा क्षणांत जातात. 'टीआर' हें दुसरें साधन लागोपाठच्या अनेक जागांची एक करतें. काम चोख, परंतु 'घरा वर' यांतील जागा चूक कीं बरोबर, हें त्यांस कळत नाहीं.

देवनागरींत याहून नाजूक प्रकार आहे. युनिकोड संकेतावलींत एक रुंदीहीन जोडचिन्ह आहे. तें डोळ्यांस दिसत नाहीं. 'दर्‍या' लिहितांना कित्येकांच्या टंकनांत तें आंत दडलेलें असतें. जागांबरोबर अदृश्य चिन्हेंही सरसकट पुसण्याची आज्ञा दिली, तर 'दर्‍या'चें 'दर्या' होतें, आणि सह्याद्रीच्या कुशींत अकस्मात् समुद्र उसळतो! यास्तव जाणते लोक मूळ प्रत बाजूस ठेवून आज्ञा नकलेवर चालवितात, आणि मग 'डिफ' नांवाच्या तिसऱ्या साधनानें दोन्ही पाठ ओळीओळीनें ताडून पाहतात.