रात्रपाळीची झोप

कामगारांच्या इतिहासात आपण पगाराचे लढे मोजतो. झोपेचा हिशेब कुणी ठेवीत नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळे १८९० साली मुंबईच्या गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. तेव्हा गिरणी सूर्याच्या उजेडावर चाले. १९०५ च्या सुमारास विजेचे दिवे आले आणि कामाचा दिवस चौदा-पंधरा तासांपर्यंत ताणला गेला. १९११ च्या कायद्याने कापडगिरणीत दिवसाला १२ तासांची, १९२२ च्या कायद्याने आठवड्याला ६० तासांची, तर १९४८ च्या कायद्याने ४८ तासांची मर्यादा घातली. काम मोजले गेले; झोप नाही.

पुढे गिरण्यांत रात्रपाळी रुळली. सकाळी गिरणगावातल्या गाळ्यावर परतलेल्या कामगाराला दिवसपाळीवाल्याने नुकतीच सोडलेली जागा मिळे. तिथेच, भर गलबल्यात, त्याने डोळे मिटायचे. पण शरीराचे घड्याळ उजेडावर लागलेले असते. ते भोंग्याने फिरत नाही. दिवसाची झोप तुटक होते. मागोमाग चिडचिड आणि उदासी येते.

गिरण्या बहुतेक गेल्या. रात्रपाळी मात्र आपल्या मारुंजीच्या दाराशी आली. चाकणला यंत्रे आणि हिंजवडीला संगणक रात्रभर जागे असतात. दुपारी पत्र्याखाली तळमळणाऱ्या माणसाला घरचे तापट म्हणतात. पुष्कळदा तो स्वभाव नसतो, थकवा असतो. शेजाऱ्याने आवाज कमी करावा, हे सौजन्य झाले. दोन पाळ्यांमध्ये पुरेशी विश्रांती, हा हक्क होय. रविवार मागितला म्हणून मिळाला. झोपही मागावीच लागेल.