ऋतू उशिरा आला

काही गाणी ऐकताना मला सुरांपेक्षा गाणाऱ्यांच्या हिशेबाचीच रुखरुख अधिक लागते. ‘टाइम ऑफ द सीझन’ हे त्यांतले एक.

‘द झॉम्बीज’ हा इंग्लंडातील सेंट ऑल्बन्सच्या पाच तरुणांचा वाद्यवृंद. (आपल्याकडे झोंबी म्हटले की आखाडा आठवतो, ही पोरे मात्र तशी सौम्यच!) 1964 साली एका स्पर्धेत ते जिंकले आणि डेक्का कंपनीने त्यांना करारबद्ध केले. त्याच वर्षी ‘शी इज नॉट देअर’ अमेरिकेत दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढले. रॉक म्हणजे कानठळ्या, ही माझी समजूत कॉलिन ब्लनस्टोनच्या त्या हळुवार, श्वासभरल्या आवाजाने पार मोडली.

पुढे मात्र गाणी चालेनात. रॉड आर्जेंट व ख्रिस व्हाइट गाणी रचीत, म्हणून त्यांना स्वामित्वधन तरी मिळे. उरलेल्या तिघांच्या वाट्याला नुसते दौरे. 1967 मध्ये मनिलात हजारोंची गर्दी लोटली. पण यांच्या हाती आले ते किरकोळच.

त्याच वर्षी सीबीएस कंपनीच्या सुमारे 1000 पौंडांत त्यांनी ॲबी रोडवर शेवटची तबकडी ध्वनिमुद्रित केली. बीटल्स नुकतेच तेथून गेले होते. लेननचे मेलोट्रॉन मागे राहिले होते, ते यांनी वाजवले. कंपनीला स्टिरिओ प्रतही हवी झाली, तेव्हा तो खर्च आर्जेंट आणि व्हाइट यांनी पदरचा केला. मुखपृष्ठावर चित्रकाराने ‘ओडिसी’चे स्पेलिंग चुकवले, तेही तसेच राहिले. डिसेंबरात संच मोडला. तबकडी निघाली 1968 च्या एप्रिलात. मायदेशी तिला फारसे कोणी विचारले नाही.

अमेरिकेत अल कूपरने मात्र तिच्यासाठी हट्ट धरला. 1969 च्या प्रारंभी ‘टाइम ऑफ द सीझन’ तेथे तिसऱ्या क्रमांकावर गेले. गाणे गाजत होते आणि गाणारे जागेवर नव्हते! ब्लनस्टोन विमा कंपनीत कारकुनी करून आला होता. गंमत म्हणजे आपलेच जुने गाणे तो दुसऱ्याच नावाने पुन्हा गात होता. तिकडे तोतये ‘झॉम्बीज’ गावोगाव कार्यक्रम करीत होते. त्यांतले दोघे पुढे ‘झीझी टॉप’मध्ये नामांकित झाले. आर्जेंट नव्या संचात गुंतला होता. पुन्हा एकत्र येणे त्याने नाकारले. मला त्याचा तो नकार कळतो, पण ब्लनस्टोनसाठी जीव हळहळतो.

ती संपूर्ण तबकडी रंगमंचावर प्रथम वाजली ती 2008 साली, लंडनला. चौघे उभे होते. गिटारवाला पॉल ॲटकिन्सन 2004 मध्येच वारला होता.