अस्थिकलश दिसतो, घडवणारा हात दिसत नाही

आपण सांचीला जातो, सारिपुत्त आणि महामोग्गलान यांच्या अस्थींना वंदन करतो. पण त्या अस्थी ज्या कलशांत सापडल्या, ते कशाचे होते आणि कोणी घडवले, हे आपण विचारत नाही.

१८५१ मध्ये कनिंगहॅम आणि मेसी यांनी सांचीचा तिसऱ्या क्रमांकाचा स्तूप उघडला. आत दगडी पेट्या आणि पेट्यांत पांढऱ्या सोपस्टोनचे कलश होते. झाकणांच्या आतल्या बाजूला शाईने एकेक अक्षर लिहिले होते : 'सा' आणि 'म'. १८९८ मध्ये पिपरहवा येथे सापडलेला, बुद्धांच्या अस्थींचा उल्लेख असलेला करंडकही सोपस्टोनचाच. त्यावर शाक्यांचे नाव आहे, कारागिराचे नाही.

सोपस्टोनला मराठीत संगजिरे म्हणतात. ज्या खनिजाची टाल्कम पावडर होते, तेच त्यात मुख्य असते. नखाने ओरखडा उठावा इतका हा दगड मऊ असतो, म्हणून तो फिरवून कातता येतो आणि त्यावर बारीक नक्षी उठते. सिंधू संस्कृतीच्या बहुतेक मुद्रा याच दगडाच्या आहेत. त्या कोरून झाल्यावर भाजून कठीण केल्या जात. इतकी जुनी विद्या ज्यांच्या हातात होती, त्यांची नावे मात्र इतिहासातून गेली. पुढे कर्नाटकात होयसळांच्या सोपस्टोन मंदिरांवर मल्लितम्मासारख्या शिल्पकारांनी नावे कोरली. तरी आपल्या तोंडी राहिले ते राजांचेच नाव.

आपल्या कर्जत-खालापूरचा कातळ वेगळा आहे. हा काळा, कठीण बेसॉल्ट. त्यात चुकलेला घाव भरून काढता येत नाही. याच कातळात, राजमाचीच्या पायथ्याशी, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी कोंडाणे लेणी खोदली गेली. तिथल्या चैत्यगृहाच्या दर्शनी भागावर, एका भग्न शिल्पाच्या मस्तकाजवळ, ब्राह्मी लिपीत एक ओळ आहे. तिचा अर्थ असा : कण्हाचा अंतेवासी बलक याने हे केले.

अंतेवासी म्हणजे गुरूजवळ राहून शिकणारा. बलक आपली ओळख सांगताना जात सांगत नाही, बापाचे नावही सांगत नाही. तो गुरूचे नाव सांगतो आणि आपले काम सांगतो. एका ओळीवरून त्या काळचा सगळा समाज समतेचा होता असे म्हणता येणार नाही. पण कारागिराची ओळख जन्माऐवजी विद्येने सांगता येते, याचा पुरावा आपल्या तालुक्यातच दगडावर आहे. जात कामाची नव्हे तर काम करणाऱ्या माणसांची वाटणी करते, हे बाबासाहेबांनी १९३६ मध्ये मांडले. त्या वाटणीत दगड घडवणारा हात हलका ठरला आणि घडलेला दगड तेवढा पवित्र ठरला.

पावसाळ्यात शेकडो तरुण कोंडाण्याच्या धबधब्याखाली भिजायला येतात. आपणही जाऊ, पण मुलांना ब्राह्मीची अक्षरे शिकवून जाऊ. बुद्धवंदना झाल्यावर ती ओळ त्यांच्याकडून वाचून घेऊ. पुढच्या वेळी कोणी लेणी पांडवांनी एका रात्रीत खोदली असे सांगू लागला, तर आपल्या मुलाने शांतपणे नाव सांगावे : बलक, कण्हाचा शिष्य.

जय भीम! नमो बुद्धाय!