रिक्षातून गळालेला माणूस

जपानी ‘जिनरिकिशा’ या शब्दात माणूस, बळ आणि गाडी असे तीन अर्थ आहेत. ‘रिक्षा’ होताना त्यातला ‘जिन’, म्हणजे माणूसच, गळाला. मोटारींना मज्जाव असलेल्या माथेरानात मात्र तो गाडी ओढतच राहिला.

ज्ञानाच्या संगणकीय मांडणीतही असेच घडते. १९९७ मध्ये प्रमाण ठरलेली यूएमएल ही आराखड्यांची भाषा चौकटी आणि रेघा देते. ‘माणूस’ व ‘रिक्षा’ यांमधल्या रेघेला नाव देता येते. पण चालवणे आणि ओढणे यांतला भेद यंत्राला उमगायला संकल्पनांच्या तर्कबद्ध व्याख्या, म्हणजेच ऑन्टॉलॉजी, लागते. २००९ मध्ये या दोहोंना जोडणारे प्रमाण आले.

ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माथेरानच्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला, तो मानवी प्रतिष्ठेच्या आधारे. ई-रिक्षेतही नाव तेच उरते. बदलते ते नाते. गळालेला माणूस त्या नात्यातच सापडतो.