डोकेदुखीचे विकार, प्रौढांमधील (मुंबई)

ताप, इजा किंवा मेंदूतील गाठ असे दुसरे कारण नसताना जी डोकेदुखी स्वतःच आजार असते, तिला प्राथमिक डोकेदुखी म्हणतात. ताणाची डोकेदुखी आणि अर्धशिशी (मायग्रेन) हे तिचे मुख्य प्रकार. पहिलीत कपाळाभोवती फडके आवळल्यासारखे वाटते, तरी माणूस काम रेटतो. अर्धशिशीत बहुधा एकच बाजू ठणकते, मळमळते, उजेड-आवाज सोसत नाही. उपचार न केल्यास हा त्रास ४ ते ७२ तास टिकतो.

बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने त्या शहरात आणि आसपासच्या खेड्यांत १८ ते ६५ वयाच्या २,३२९ जणांची घरोघर जाऊन पाहणी केली. वर्षभरात डोके दुखलेले शेकडा सुमारे ६४ निघाले, अर्धशिशीचे शेकडा २५. म्हणजे चौघांत एक. देशभरात २०१९ साली डोकेदुखीचे रुग्ण सुमारे ४८ कोटी ८० लाख होते. स्त्रियांत अर्धशिशी पुरुषांच्या दुपटीच्या आसपास आढळते.

उपास, जागरण, ऊन, उग्र वास यांनी अर्धशिशी उठते, हे घरोघरी ठाऊक आहे. ‘न्हायले की डोके दुखते’ ही बायकांची तक्रार मात्र वर्षानुवर्षे कोणी मनावर घेतली नव्हती. मुंबईत जसलोक व लीलावती रुग्णालयांत डोकेदुखीचे रुग्ण तपासणारे डॉ. के. रविशंकर यांनी अशा ९४ रुग्णांची निरीक्षणे २००६ साली ‘सेफालाल्जिया’ या नियतकालिकात मांडली आणि डोक्यावरून अंघोळ हे अर्धशिशीचे खरे निमित्त म्हणून नोंदले गेले. मुंबईने या विषयात घातलेली ही मोलाची भर होय.

घरगुती उपायांत सुंठेचा लेप जुना. अमृतांजनचा जन्मही मुंबईतलाच: काशीनाथुनी नागेश्वर राव यांनी ते १८९३ मध्ये येथे काढले. लेपाने, बामाने तात्पुरता आराम पडतो. खरा धोका परस्पर घेतलेल्या गोळ्यांचा आहे. संयुक्त वेदनाशामके महिन्यातून १० किंवा अधिक दिवस, साधी १५ किंवा अधिक दिवस, अशी तीन महिन्यांहून जास्त काळ घेतली, तर गोळीच डोकेदुखी वाढवते. मग दुखते म्हणून गोळी आणि गोळीमुळे दुखणे, हे चक्र सुटत नाही. अर्धशिशीचे झटके कमी करणारी औषधे उपलब्ध आहेत, म्हणून ‘डोकेच तर दुखते’ असे म्हणून कोणी अंगावर काढू नये.

एकाएकी उठलेली असह्य कळ, तापासह ताठलेली मान किंवा अंगाच्या एका बाजूची कमजोरी दिसल्यास रुग्णाला ताबडतोब परळच्या केईएमसारख्या मोठ्या रुग्णालयात न्यावे.